काकांना टक्कल परत हवं होतं

'म्हातारचळ' हा शब्द आमच्या नातेवाइकांत सध्या फार स्वस्त झालाय. निमित्त माझे धाकटे काका. वय वर्षं 68, राहणार नाचणगाव, तालुका देवळी, जिल्हा वर्धा. आरोप असा, की या वयात त्यांनी नागपूरला जाऊन डोक्यावरच्या केसांचं ऑपरेशन करून घेतलं. एकदा नाही, तीनदा. तेही पेन्शनच्या पैशातून.

ऑपरेशन झालं हे खरंच आहे. पण ज्यांनी ज्यांनी तोंडाला पदर किंवा रुमाल लावून हसून घेतलं, त्यातल्या एकानंही ते ऑपरेशन कशाचं होतं हे विचारलं नाही. सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं, म्हाताऱ्याला तरुण दिसायचंय. म्हणून आज हे लिहायला बसलो. काकांना विचारूनच लिहितोय बरं का. म्हणाले, "लिही. नाव नको टाकू, पन लिही. आता काय लपवाचं हाये!"

तर गोष्ट 1984 सालची. काका तेव्हा मुंबईत बँकेत होते. वय 27. आमच्या घराण्यात टक्कल ही वडिलोपार्जित इस्टेट आहे, शेत कमी आणि टक्कल जास्त. आजोबा, मोठे काका, माझे बाबा, सगळ्यांचा चांदोबा पस्तिशीच्या आत उगवलेला. (मी सध्या आरशाकडे जरा तिरक्या नजरेनं पाहतो. असो.) पण बाकीच्यांची लग्नं टक्कल पडायच्या आधी उरकली होती आणि धाकट्या काकांचं टक्कल लग्नाआधी येऊन बसलं. तीन ठिकाणी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला, तिन्हीकडून 'कळवतो' आलं आणि कोणीच काही कळवलं नाही. मग बँकेतल्या कोणीतरी सांगितलं, मुंबईत एक डॉक्टर केस लावून देतात. खोटे नाही, खरे. वाढणारे.

आणि ते खरंही होतं. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस सहसा जात नाहीत. पुढचे आणि टाळूवरचे जातात, कारण त्यांची मुळं पुरुषी हार्मोनला दबून हळूहळू सुकतात. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1952 मध्ये मागचे केस कातडीसकट उचलून पुढे लावून पाहिले, आणि 1959 मध्ये छापून सांगितलं की केस नव्या जागी गेले तरी जुन्या जागेचाच गुण धरून राहतात. म्हणजे माहेरचा स्वभाव सासरी जाऊनही सुटत नाही तसं. पुढची अनेक वर्षं जगभर हे काम त्यांच्याच पद्धतीनं चाललं.

भानगड झाली ती त्या पद्धतीत. एक गोल धारदार नळी घ्यायची, साधारण चार मिलिमीटर रुंदीची. मागून कातडीची चकती काढायची, पुढे तेवढंच भोक पाडून तिथे बसवायची. एका चकतीत पंधरा-वीस केस. निसर्गात माणसाच्या डोक्यावर केस असे उगवतच नाहीत. ते एक, दोन, तीन, फार तर चार अशा छोट्या जुडग्यांनी येतात, आणि कपाळाच्या अगदी काठाला तर एकेकटे. गंमत म्हणजे या जुडग्यांचं नीट वर्णन हेडिंग्टन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं केलं ते 1984 मध्येच, ज्या वर्षी काका मुंबईत टेबलावर पालथे पडले होते. मायक्रोस्कोपखाली एकेक जुडगं सुटं करून लावायची रीत टेक्सासमधल्या लिमर यांनी 1988 च्या सुमारास सुरू केली. मागे टाक्यांची लांब रेघ न उमटवता एकेक जुडगं थेट काढायच्या पद्धतीवरचा पहिला मोठा लेख 2002 चा. म्हणजे काकांना चार वर्षं थांबायला हवं होतं, किंवा खरं तर अठरा. आता 27 वर्षांचा, तीनदा 'कळवतो' ऐकलेला मुलगा अठरा वर्षं थांबतो होय?

मी त्या वेळच्या डॉक्टरला शिव्या देणार नाही. हातात होतं त्यातलं चांगलं तेच त्यानं केलं. चकत्यांमधल्या फटी भरायला चार बैठका लागतील हेही सांगितलं होतं. काकांच्या दोन झाल्या, शंभरेक चकत्या बसल्या, मग 1986 मध्ये लग्न ठरलं, बदली झाली, आणि राहिलं ते राहिलंच. पहिली काही वर्षं निभावलं, कारण फटींमध्ये स्वतःचे थोडे केस शिल्लक होते. चाळिशीपर्यंत तेही गेले. लावलेले मात्र शाबूत!

आमच्याकडे कापूस टोबतात. पाऊस लांबला की उगवण फसते, आणि वावरात इथे एक झाड, तिथे एक झाड, मध्ये उघडी काळी जमीन अशी पऱ्हाटी दिसते. शेतकरी मग नांग्या भरतो, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोबतो. काकांच्या डोक्यावर ही अशी न भरलेल्या नांग्यांची पऱ्हाटी होती, आणि ती आयुष्यभर उभी राहणार होती. इंग्रजीत याला 'बाहुलीचे केस' म्हणतात. प्लॅस्टिकच्या बाहुलीच्या डोक्यात भोकाभोकातून झुपके निघतात ना, तसं.

या डोक्यानिशी माणूस कसा जगतो, हे मला काकूकडून कळलं. मुंबईत लोकलमध्ये जागा रिकामी असली तरी काका बसत नसत. बसलेल्याच्या डोक्यावर उभ्या माणसाची नजर वरून पडते म्हणून. सकाळी निघताना रोज प्रश्न, "मागचं नीट आहे का गं?" पुढचे झुपके आडवे विंचरून तेलानं चिकटवायचे, म्हणजे मधल्या फटी झाकल्या जातात. मागचे केस लांबच ठेवायचे, कारण तिथे शंभर गोल पांढरे डाग, पाडलेल्या भोकांचे, ओळीनं. पावसात छत्री असली तरी रुमाल. केस कापायला गावी कधीच नाही. आणि पन्नाशीत केस पिकले तेव्हा नवीच पंचाईत, सावळ्या कातडीवर पांढरे झुपके जास्तच उठून दिसायला लागले. मग कलप. नातेवाइकांनी तो कलपही 'शौक' या खात्यात जमा केला.

आता 1998 ची गोष्ट सांगतो, कारण ती वाचणाऱ्यांपैकी निदान दहा जणांनी डोळ्यांनी पाहिली आहे.

आजोबा गेले. दहाव्या दिवशी आम्ही सगळे पुलगावला वर्धा नदीवर. मी तेव्हा नववीत. मोठ्या काकांनी, बाबांनी क्षौर केलं. धाकट्या काकांचा नंबर आला आणि ते टोपी घालून बाजूला उभे राहिले ते राहिलेच. म्हणाले, डॉक्टरनं नाही सांगितलंय. कुठल्या डॉक्टरनं, कशासाठी, काही नाही. नदीकाठी कुजबुज सुरू झाली. एक वडीलधारे तर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बापासाठी केस जड झाले याले." तेरवीच्या पंगतीत तेच, पुढे वर्षश्राद्धालाही तेच. आज सत्तावीस वर्षं झाली तरी काकांचं नाव निघालं की कोणीतरी ते वाक्य काढतंच. मुंबईला जाऊन आखडला, बापाला केस दिले नाहीत.

त्या दिवशी वस्तरा फिरला असता तर काय दिसलं असतं? कपाळामागे उंचवट्यांच्या ओळी, कारण चकत्या आजूबाजूच्या कातडीपेक्षा वर आलेल्या असतात, दगडी फरसबंदीसारख्या. मागे डागांच्या ओळी. आणि भोवती सगळा गाव. काका मला आत्ता, मागच्या दिवाळीत म्हणाले, "नदीवर मले बाप गेल्याचं रडूच नाई आलं. डोक्याचीच भीती होती." हे वाक्य ज्यांना म्हातारचळ वाटतं त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

'आहे तसं स्वीकारा' असा उपदेश करणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यांचं माझं इथेच वाजतं. टक्कल स्वीकारता येतं. आजोबांनी स्वीकारलं, बाबांनी स्वीकारलं, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी ओतून घेत मजेत राहिले. पण चकत्या म्हणजे टक्कल नव्हे, आणि म्हातारपणही नव्हे. ती एका जुन्या ऑपरेशनची खूण आहे. तुटलेला हात वाकडा जुळला आणि माणसानं साठीत तो नीट करून घेतला तर आपण म्हणतो का, आता या वयात काय करायचंय सरळ हात? केस म्हटलं की मात्र लगेच नटणं-मुरडणं आठवतं.

आणि केस लावायची ही विद्या मुळात नटण्यासाठी जन्मलीच नव्हती. ओरेंट्राइक यांच्याही आधी, 1939 मध्ये, जपानच्या ओकुदा नावाच्या डॉक्टरांनी हेच काम करून छापलं होतं. डोक्याच्या व्रणांवर, गेलेल्या भुवयांवर. पुढे महायुद्ध पेटलं आणि ते लेख बाहेरच्या जगाला बरीच वर्षं ठाऊकच झाले नाहीत. म्हणजे सुरुवात डागडुजीनं झाली, हौस मागून आली.

भुवयांवरून आठवलं. आम्हा वर्धेकरांना हे तरी कोणी समजावून सांगायची गरज पडू नये. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये कुष्ठधाम उभं केलं. बाबा आमटे आपल्याच हिंगणघाटला जन्मलेले. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात भुवया बाहेरच्या टोकाकडून झडत जातात. रोग औषधानं बरा होतो, भुवया येत नाहीत, आणि बिनभुवयांचा चेहरा गावात शिरला की लोक ओळखायचे. रोग संपलेला, पण खूण शिल्लक. तिकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड अशा बऱ्या झालेल्या लोकांना डोक्यावरच्या कातडीतून नव्या भुवया करून देत. त्या भुवयांचा स्वभाव डोक्याचा, त्यामुळे त्या डोक्यावरच्या केसांसारख्या लांब वाढत, आणि कात्री लावायला लागे. काही जण म्हणे अभिमानानं कापतच नसत! त्या लोकांना कोणी म्हणेल का, काय हा शौक? त्यांना सुंदर दिसायचं नव्हतं. बाजारातून चालताना कोणी वळून पाहू नये, इतकंच हवं होतं. काकांचं दुःख त्यांच्या दुःखाशी तोलायला मी बसलेलो नाही, ते कुठे आणि हे कुठे. पण मागणं त्याच जातीचं आहे.

2017 मध्ये काका निवृत्तीनंतर नाचणगावला परत आले आणि गोष्ट अवघड झाली. मुंबईत तुमच्या डोक्याकडे पाहायला कोणाला वेळ असतो! गावात सगळ्यांना असतो. पोट्टे मागून काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. 2022 मध्ये एक दिवस काकांनी मला फोन केला, नागपूरला येतोस का सोबत? पुलगावहून गाडी पकडून दोघं गेलो.

पहिल्या ठिकाणी गुळगुळीत फरशी, भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. एका मुलीनं दोन मिनिटं डोकं पाहिलं आणि सांगितलं, तीन हजार ग्राफ्ट, वीस वर्षांनी तरुण दिसाल काका. मागची शेतं आधीच अर्धी खणून झालेली, तिथून तीन हजार आणायचे कुठून हे काही तिनं सांगितलं नाही. मागच्या केसांचं भांडवल जन्मभराचं एकदाच मिळतं. काढलेल्या जागी पुन्हा उगवत नाही.

दुसरे डॉक्टर त्वचेचेच, शांत. भिंग घेऊन अर्धा तास डोकं पाहत बसले. मग विचारलं, "तुम्हाला नेमकं काय नको आहे?" काय हवंय असं नाही, काय नकोय! काका जरा वेळ गप्प राहिले आणि आपल्या नाचणगावी भाषेत म्हणाले, "मले टक्कल वापस पायजे."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, पूर्ण परत देता येणार नाही, पण जवळपास नेता येईल.

झालं ते असं. प्रत्येक चकतीच्या मधोमध छोट्या नळीनं पुन्हा छेद घेऊन बहुतेक केस काढायचे, कडेचे तीन-चार राहू द्यायचे. काढलेले केस फेकायचे नाहीत. मायक्रोस्कोपखाली एक-एक, दोन-दोनची जुडगी सोडवायची आणि तीच विरळ करून फटींमध्ये, काठाला, आणि मागच्या काही डागांवर लावायची. म्हणजे आधी उपटायचं आणि त्याच रोपांनी नांग्या भरायच्या. व्रणाच्या कातडीत रक्तपुरवठा कमी, म्हणून लावलेलं सगळं धरत नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलं. लेसरनं जाळून टाका की, असं मी सुचवलं होतं. तर लेसर केसातला काळा रंग पकडतो, पांढऱ्या केसावर तो चालत नाही. दीड वर्षात तीन बैठका झाल्या, प्रत्येक वेळी जखम पूर्ण निवल्यावरच पुढची.

या वयात धोका नव्हता का? होता. काका रक्त पातळ करायची गोळी घेतात. ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही असं बजावलं गेलं, दोन डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले, साखर आणि बीपी तपासल्याशिवाय तारीखच दिली नाही. फिनास्टराइडची गोळीही सुचवली होती, पण काकांनी नको म्हटलं. (साठीच्या पुढचं कोणी ती घेत असेल तर एक ध्यानात ठेवा. तिच्यामुळे प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा जवळपास निम्मा येतो. तपासणाऱ्याला आधी सांगावं, नाहीतर खोटी निश्चिंती वाटायची.)

आमच्या चुलत घरातला एक 24 वर्षांचा चिरंजीव सध्या हप्त्यानं केस लावून घ्यायला निघालाय, त्याच्यासाठी दोन शब्द. 2019 च्या मार्चमध्ये मुंबईत एकाच बैठकीत नऊ हजारांवर केस लावून घेतलेला माणूस दगावला होता. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला चक्क लिहून द्यावं लागलं की यूट्यूबवर पाहणं म्हणजे हे काम शिकणं नव्हे. यावरून काय ते ओळख. आजची रीत काकांच्या वेळेपेक्षा कितीतरी चांगली आहे, ते मी नाकारत नाही. पण टक्कल पुढे सरकतं, लावलेले केस जागचे हलत नाहीत. 24 व्या वर्षी कपाळावर ओढलेली रेघ 60 व्या वर्षीही तिथेच असते, मागे सगळं ओसाड झालं तरी. डॉक्टरला विचारायचं ते हे, की माझं साठीतलं डोकं तुम्ही डोळ्यांसमोर आणलंय का? उत्तर 'टेन्शन घेऊ नका' असं आलं तर उठून ये. चहा मी पाजतो :)

काका आता कसे दिसतात? अडुसष्ट वर्षांच्या, केस विरळ झालेल्या, पेन्शनर माणसासारखे. कलप बंद. कपाळावर नीट पाहिलं तर फिकट ठिपके दिसतात, देवीच्या वणांसारखे, मागचे डागही सगळे गेले नाहीत. लग्नात ज्यांना वाटलं की काकांनी केस लावून घेतले, त्यांना मी एकच विचारलं, मग केस आधीपेक्षा कमी कसे? उत्तर कोणाकडेच नव्हतं.

काकू म्हणते, सकाळचा प्रश्न बंद झाला, पण सवयीनं अजून तीच दारात उभी राहते.

मागच्या महिन्यात काका नाचणगावच्या केशकर्तनालयात गेले, मोठं झाल्यावर पहिल्यांदा. मी बाहेर बाकावर पेपर वाचत होतो. कारागिरानं मागून मशीन फिरवलं आणि थांबला. "काकाजी, हे गोल गोल डाग कायचे जी?"

"जुनं ऑपरेशन हाये."

"अस्सं," म्हणाला, आणि मशीन पुन्हा सुरू करून त्यानं विचारलं, यंदा कापूस किती निघाला.